लोट्यावरचा अंगठा

त्या म्हाताऱ्यानं लोटा हातात घेतला आणि त्याचा अंगठा नेमका जिथं जायला हवा तिथंच गेला. रामनवमीच्या त्या दिवशी पोहरादेवीत पाहण्यासारखं कितीतरी होतं. माझ्यासोबत घरी आला तो अंगठा.

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे एवढंसं गाव. चैत्रातल्या या थोड्या दिवसांत मात्र तेलंगण, कर्नाटकापर्यंतचे बंजारा तांडे इथं येऊन उतरतात. सेवालाल महाराजांची समाधी, जगदंबेचं देऊळ, भोगाचा धूर, नंगाऱ्याचा ठोका, आणि २०२४ पासून नंगाऱ्याच्याच आकाराची ती संग्रहालयाची इमारत. ज्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला, त्यांच्या लेकरांना वर्षातून एकदा एका जागी जमावंसं वाटतं याचं मला फार अप्रूप आहे. पाण्याच्या नळाशी रांगेत माझ्यापुढे एक याडी, म्हणजे बंजारा माय, होती. कांचळीवरचे आरसे उन्हात लखलखत होते. रांग हलेना, तेव्हा ती सांगू लागली की रुपयाला वाटीभर पाणी विकलं जाईल हे सेवाभायांनी, म्हणजे सेवालाल महाराजांनी, तेव्हाच सांगून ठेवलंय. तक्रारीचा सूर नव्हता. घरातल्या वडीलधाऱ्याचं बोलणं आठवावं तसं ती बोलली.

चपलांच्या ढिगापलीकडे, कडुलिंबाखाली, गारुडी बसला होता. जादूगारापेक्षा मला गारुडी हा शब्द जवळचा वाटतो. गरुडाच्या मंत्रानं सापाचं विष उतरवणारा तो गारुडी, आणि त्याच मंत्राचं गारूड अजूनही आपल्यावर शब्द करतात, सूर करतात. याच्याजवळ साप नव्हता. डमरू होता, पोतडी होती, तीन लाकडी वाट्या आणि एक पितळी लोटा. लोटा उलटा करी, पाणी सांडे, शेवटचा थेंबही झटकून दाखवी. मग वाट्यांचा खेळ. मग पुन्हा लोटा उलटा, पुन्हा पाणी. पुन्हा वाट्या. पुन्हा पाणी.

खेळ उठला, चादरीवर नाणी पडली, माणसं पांगली. धोतरातला एक म्हातारा तेवढा थांबला आणि "पाहू" म्हणाला. गारुडी क्षणभर थबकला आणि लोटा दिला. नवखा माणूस आधी लोट्यात डोकावतो. हा डोकावला नाही. अंगठा जागेवर गेला, लोटा मनगटात एकदा फिरला.

"कधी सोडलं?" गारुड्यानं विचारलं.

"गुडघे गेले तवा."

मग दोघं तंबाखू मळत बसले.

त्यांना पाहताना मला एक दूरचं गाव आठवलं. अमेरिकेत मिशिगन राज्यात कोलन नावाचं गाव आहे, हजाराहून थोड्या अधिक वस्तीचं. हॅरी ब्लॅकस्टोन हा मोठा जादूगार १९२० च्या दशकात तिथं राहायला गेला. त्याच्यामागून पर्सी अ‍ॅबट नावाचा ऑस्ट्रेलियन आला. दोघांनी भागीदारीत जादूच्या सामानाचा कारखाना काढला, भागीदारी लवकरच मोडली, पण अ‍ॅबटचं गावाशी नातं टिकलं. १९३४ मध्ये त्यानं स्वतःचा कारखाना उभा केला आणि जादूगारांचा मेळावा भरवला. दर ऑगस्टला अजूनही जादूगार त्या गावात जमतात. गावच्या स्मशानभूमीत ब्लॅकस्टोनसकट कितीतरी जादूगार पुरलेले आहेत. आयुष्यभर गावोगाव खेळ करून शेवटी आपल्या माणसांशेजारी. जादूगार जादूगाराला सहजासहजी फसवू शकत नाही. फसवणूक वजा केल्यावर त्यांच्यात काय उरत असेल ते मला कडुलिंबाखाली दिसलं, असं मला वाटतं. आणि हा पितळी लोटा त्या दूरदेशीच्या जादूगारांनाही ठाऊक आहे. त्यांच्या भाषेतही त्याचं नाव लोटाच आहे. जादूगार पी. सी. सरकार मोठमोठ्या नाट्यगृहांत दोन खेळांच्या मध्ये तो रिकामा करीत. १९७१ च्या जानेवारीत जपानमध्ये खेळ आटोपल्यावर त्यांचं निधन झालं.

मी तो लोटा पहिल्यांदा पाहिला १९७३ च्या उन्हाळ्यात. तेव्हा वाशीम जिल्हा व्हायचा होता, आम्ही अकोला जिल्ह्यातले. बहात्तरचा पाऊस गेलेला, घरात मिलोची तांबडी भाकर, मोठी माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर, संध्याकाळी येताना पदरात बांधलेली सुकडी. आमच्या विहिरीत आई दोर सोडायची तेव्हा बादली खडकावर वाजायची. त्या दिवसांत शाळेत जादूगार आला. दहा-दहा पैसे. ज्यांच्याजवळ नव्हते त्यांनाही गुरुजींनी बसू दिलं. काळा कोट, फेट्याला पीस. रुमालाचं अंडं झालं, अंड्याची फीत झाली, आम्ही टाळ्या पिटल्या. मग त्यानं लोटा उचलला, "हिंदुस्थान का पानी!" अशी आरोळी ठोकली आणि पाणी ओट्याखाली मातीत ओतलं.

कोणी टाळी वाजवली नाही.

त्याला वाटलं असेल, पोरांना कळलं नाही. पत्त्यांचा एक खेळ करून त्यानं पुन्हा लोटा उलटा केला. पुन्हा धार, पुन्हा माती. आम्ही लोट्याकडे पाहत नव्हतो, जमिनीवरच्या ओल्या डागाकडे पाहत होतो. तो डाग सुपाएवढा झाला आणि कुठून तरी दोन चिमण्या येऊन त्यात चोची मारू लागल्या. तिसऱ्या वेळी शिपाईकाका न बोलता उठले, आतून घमेलं आणलं आणि धारेखाली धरलं. जादूगारानं घमेल्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. आरोळी दिली नाही. लोटा घेऊन खाली उतरला आणि पुढच्या रांगेतल्या पोरांच्या ओंजळीत थोडंथोडं ओतू लागला. माझ्या ओंजळीत आलं ते कोमट होतं, पितळेचा वास होता. मी प्याले नाही. बोटं घट्ट मिटून घरी नेलं. पोहोचेपर्यंत नुसते ओले तळवे उरले, ते मी आजीच्या गालांना लावले.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. "त्याले म्हना," ती म्हणाली, "आपल्या हिरीत सोड तो लोटा." दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिनं घरचा लोटा राखेनं लख्ख घासला आणि विहिरीच्या काठावर पालथा घालून ठेवला. मृगाचा पाऊस येईपर्यंत तो तिथंच होता.

पुढं विज्ञानाच्या पुस्तकात हवेच्या दाबाचा धडा आला. नळीच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं की पाणी आतच राहतं, बोट उचललं की पडतं. बाईंनी करून दाखवलं तेव्हा मला एकदम तो कोट, ते पीस, तो लोटा आठवला. भ्रम फिटल्याचं दुःख झालं नाही. एवढंसं बोट आणि एवढी हवा, आणि तेवढ्यावर माणसाचं पोट! मला तो जादूगार आणखीच मोठा वाटला, आणि अजून वाटतो. म्हणून १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात गाणं, नाचणं, भविष्य सांगणं यांच्या ओळीला खेळ करून दाखवणंही बसवलंय, हे वाचलं तेव्हा मी रागावले. रस्त्यावर बसून पैसे मागितले की हाच हात भिकाऱ्याचा. तिकीट लावलं की कलावंताचा. खरं तर रस्त्यावरचं काम अवघड. विंग नाही, पडदा नाही, चारी बाजूंनी डोळे आणि पाठीला खेटून उभी पोरं.

पोहरादेवीत ऊन कलताना गारुडी दुसऱ्या खेळाच्या तयारीला लागला. नळाची रांग अजून तेवढीच होती. तो समोरच्या टपरीवर गेला, चादरीवरची नाणी मोजून दिली आणि थंड पाण्याची बाटली घेऊन आला. अर्धी लोट्यात ओतली. उरलेली म्हाताऱ्यापुढे केली. म्हाताऱ्यानं तोंडातली तंबाखू थुंकली, चूळ भरली आणि मान वर करून घोट घोट प्याला.