वॉटसनने न केलेली सही

विजयदुर्गला गेलं की तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथे जळालं, हे कुणीतरी सांगतंच. ज्याच्या तोफांनी ते जळालं, त्या चार्ल्स वॉटसनचं नाव मात्र फारसं निघत नाही. तो ब्रिटिश आरमाराचा रिअर अ‍ॅडमिरल होता. तुळाजी नानासाहेब पेशव्यांनाही नको होता आणि इंग्रजांनाही. त्यामुळे फेब्रुवारी 1756 मध्ये पेशव्यांची फौज जमिनीवरून आली आणि वॉटसन समुद्रातून. किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रज सैन्याचा प्रमुख होता रॉबर्ट क्लाइव्ह. एका जहाजाला लागलेली आग पसरत गेली आणि आंग्र्यांचं आरमार संपलं. 13 फेब्रुवारीला किल्ला पडला.

पण मला वॉटसन लक्षात राहिला तो पुढच्या वर्षीच्या एका कागदामुळे.

जानेवारी 1757 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्हने कलकत्ता परत घेतलं, मार्चमध्ये फ्रेंचांचं चंद्रनगर. मग सिराजुद्दौलाला हटवून मीर जाफरला नवाब करायचा कट शिजला. मध्यस्थ होता अमीचंद नावाचा व्यापारी. त्याने तोंड बंद ठेवायची जबर किंमत मागितली. क्लाइव्हने दोन करार बनवले. पांढऱ्या कागदावरचा खरा, त्यात अमीचंदचं नाव नाही. लाल कागदावरचा खोटा, त्यात त्याला वीस लाख रुपये. खऱ्या करारावर वॉटसनने सही केली. खोट्यावर करायला नकार दिला. त्याच्या सहीशिवाय अमीचंदला संशय आला असता, म्हणून क्लाइव्हने दुसऱ्या माणसाकडून वॉटसनची सही करवून घेतली.

इथपर्यंत वॉटसन हीरो वाटतो. मलाही वाटला. पण लाल कागद आहे हे त्याला माहीत होतं. तो कशासाठी आहे हेही माहीत होतं. तरी त्याने अमीचंदला सावध केलं नाही, की कटातून अंगही काढलं नाही. 23 जूनला प्लासी झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच अमीचंदला त्याची फसवणूक कळली. वॉटसन 16 ऑगस्टला कलकत्त्यात वारला. पुढे ब्रिटिश संसदेच्या चौकशीत क्लाइव्हने सांगितलं की, आपल्या आठवणीप्रमाणे वॉटसनने आपलं नाव घालायला परवानगी दिली होती. खोडून काढायला वॉटसन हयात नव्हता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे कोड लाइव्ह जाण्याआधी कुणीतरी अप्रूव्ह करावा लागतो. पटलं नाही की आपण बटण दाबत नाही. मग दुसरा कुणीतरी दाबतो, काम पुढे जातं आणि रात्री आपल्याला शांत झोप लागते. 'मी नाही केलं' हे वाक्य खरं असतं, म्हणूनच ते फार सोयीचं असतं. नकार आपले हात स्वच्छ ठेवतो, पण अमीचंदला वाचवायला विरोध लागतो, आणि विरोधाची किंमत मोजावी लागते. वॉटसनने ती मोजली नाही.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याचं स्मारक उभारलं. त्यावर घेरिया, म्हणजे आपला विजयदुर्ग, कलकत्ता आणि चंद्रनगर ही तीन नावं तारखांसकट कोरली आहेत. स्मारक बांधणाऱ्या कंपनीला त्या नकाराने काहीच फरक पडला नव्हता. तिची कामं झाली होती.