तीन मिलिसेकंदांचं पेट्रोल

इंजेक्टर म्हटलं की आधी इंजेक्शन आठवतं, आणि ते काही फारसं चुकीचं नाही. बारीक भोक, मागून दाब आणि मोजून दिलेला डोस. आपल्या कारमध्ये, हल्लीच्या बाईकमध्येही तो असतोच, पण आपला त्याच्याशी संबंध येतो तो सर्व्हिसिंगच्या बिलावरच्या "इंजेक्टर क्लीनिंग" या एका ओळीपुरता. मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन कोड लिहायला बसलेल्या असंख्य लोकांपैकी एक. इंजेक्टर पहिल्यांदा नीट हातात घेतला तो डिग्रीनंतर सहा वर्षांनी, आणि तोही होडीच्या इंजिनाचा!

झालं असं. माझा मावसभाऊ मालवणजवळ देवबागला पर्यटकांची होडी चालवतो. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. नदी समुद्राला मिळते तिथे लाटा कशाही येतात, आणि होडी सरळ राहते ती फक्त इंजिनाच्या जोरावर. दादाची होडी फायबरची, मागे ६० घोड्यांचं, चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड. पूर्ण थ्रॉटलला जे इंजिन ५५०० आरपीएम द्यायचं, ते २०२५ च्या सप्टेंबरात सीझन सुरू झाल्यावर ४३०० च्या पुढे जाईना. आठ माणसं बसली की होडी नाक वर करून रखडत चालायची. त्याहून वाईट म्हणजे थ्रॉटल दिला की इंजिन क्षणभर दम खायचं. संगमावर, पोरंबाळं होडीत असताना, तो एक क्षण किती मोठा असतो ते चालवणाऱ्याला विचारा.

एका वर्कशॉपने सांगितलं, चारही इंजेक्टर नवे टाका. खर्च पन्नास हजारांच्या वर. दुसऱ्याने सांगितलं, इंजिनच बदला. दादा फोनवर म्हणाला, "नवीन घेवचा तर हप्ते कोण भरतलो?" होडीचं कर्ज अजून फिटायचं होतं, आणि दिवाळी महिन्यावर आली होती. मी म्हटलं, शनिवारी येतो. त्यावर उत्तर आलं, "तू कॉम्प्युटरवालो, तुका काय कळतला?" प्रश्न रास्त होता :)

पण बग शोधायची सवय कुठेही चालते. पहिला नियम, सोप्या गोष्टी आधी बाद करा. होडीच्या बुडाला शिंपले चिकटलेत का? नाही. पंख्याची पाती वाकलीत का? नाही. तिथल्या मेस्त्रींनी कॉम्प्रेशन तपासलं, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. म्हणजे इंजिनाची हाडं मजबूत होती. मग प्लग काढले. तीन प्लग विटकरी-तपकिरी, तिसऱ्या सिलिंडरचा मात्र पांढराफटक. पांढरा प्लग म्हणजे सिलिंडरला हवा भरपूर आणि पेट्रोल कमी. असं इंजिन नुसतं कमजोर होत नाही, त्या सिलिंडरमध्ये उष्णता वाढते आणि तसंच दामटलं तर पिस्टन जळू शकतो.

मग मेस्त्रींनी कूलिंगचं पाणी जोडून इंजिन आयडलला ठेवलं आणि एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघितला. पहिला काढला, इंजिन अडखळलं. दुसरा, चौथा, तेच. तिसरा काढला तर इंजिनाला जणू पत्ताच नाही! तरी खात्री हवी म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या जागेच्या इंजेक्टरांची अदलाबदल केली. आजार पहिल्या सिलिंडरमध्ये गेला. वायरिंग, स्पार्क, कॉम्प्युटर सगळे निर्दोष सुटले. ही अदलाबदल फुकट असते, आणि पन्नास हजारांचं बिल फाडण्याआधी ती करायला हरकत नाही.

आता जरा आतली गंमत. इंजेक्टर म्हणजे विजेवर चालणारा नळ. आत कॉइल असते, तिला करंट मिळाला की सुई उचलली जाते आणि साधारण तीन बारच्या दाबाखालचं पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर पडतं. फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल लागतं. म्हणजे ५५०० आरपीएमला मिनिटाला २७५० वेळा, सेकंदाला जवळपास ४६ वेळा. आयडलला हीच सुई उघडते ती जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद. आपल्या सर्व्हरचा रिस्पॉन्स टाइम आठवा आणि लाजा.

खरी मेख पुढे आहे. इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल मोजत नाही, वेळ मोजतो. "तीन मिलिसेकंद उघड" एवढी आज्ञा देतो आणि हवं तेवढं पेट्रोल गेलं असं धरून चालतो. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर या इंजिनाला नाही. त्यामुळे भोक निम्मं बुजलं तरी तिकडे सगळं आलबेल. एररचा दिवा लागत नाही, कोड येत नाही. ज्यांनी आज्ञा पाठवून उत्तराची वाट न पाहणारा कोड लिहिलाय त्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल.

चारही इंजेक्टर डब्यात घालून मी पुण्याला आणले. कारचे इंजेक्टर साफ करणाऱ्या एका गॅरेजमध्ये टेस्ट बेंच होता. चार इंजेक्टर ओळीने लावायचे, खाली काचेच्या मोजनळ्या, आणि तीस सेकंद पूर्ण उघडे ठेवायचे. आकडे आले ७६, ७४, ५१ आणि ७५ मिलिलीटर. तिसऱ्याचा फवारा तर फवारा नव्हताच, एका बाजूला पडणारी धार होती. धारेतलं पेट्रोल नीट जळत नाही, म्हणून जे ५१ जात होतं तेही पुरतं कामाचं नव्हतं.

मग अल्ट्रासॉनिक बाथ. ध्वनिलहरींनी द्रावणात सूक्ष्म बुडबुडे होतात, फुटतात आणि चिकटलेली राळ सोडवतात. यात एक बारकावा, बाथमध्ये असताना इंजेक्टर विजेने सतत उघड-बंद होत राहिला पाहिजे, नाहीतर सुईमागची घाण तशीच राहते. नंतर उलट्या दिशेने द्रावण सोडून आतला कचरा बाहेर काढला. वरच्या तोंडाला असलेली इवलीशी जाळी आणि ओ-रिंगा नवीन घातल्या. आणि पुन्हा बेंच: ७७, ७६, ७५, ७७. या सगळ्याचा खर्च एका नव्या इंजेक्टरच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी आला. (घरी बॅटरीच्या वायरी लावून इंजेक्टर उघडायचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. कॉइल जळते, आणि पेट्रोलशेजारी ठिणगी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.)

पुढच्या शनिवारी बसवायला गेलो. दादाची घाई चालली होती, मेस्त्री मात्र इंजेक्टर हातात घेईनात. म्हणाले, "आधी घाण खंयसून इली ता बघूया." घाण आली कुठून? आख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच होतं.

आउटबोर्डवर एक छोटी टाकी असते, पेट्रोलमधली वाफ वेगळी करणारी. हाय प्रेशर पंप तिच्यातच असतो. ती उघडली तर तळाशी चहाच्या गाळासारखा तपकिरी थर. मुख्य टाकीचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवलं, तर खाली पाण्यासारखा वेगळा थर दिसला. मग हिशोब लागला. एरवी मे संपता संपता इंजिन आवरून ठेवतात. २०२५ साली मान्सून २५ मेलाच देवगडपर्यंत आला. घाईघाईत होडी वर ओढली आणि इंजिन ताडपत्रीखाली गेलं, टाकी अर्धी भरलेली तशीच. तीन महिने कोकणातली दमट हवा त्या टाकीत श्वास घेत होती.

यात पेट्रोलही बदललंय. आपल्याकडे २०२२ मध्ये दहा टक्के इथेनॉलचं लक्ष्य गाठलं गेलं आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून वीस टक्केवालं यायला लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि प्रमाणाबाहेर ओढलं की पाण्यासकट खाली बसतं. पंपाची नळी नेमकी तळातूनच पेट्रोल घेते. कार आठवड्याला टाकी रिकामी करते, तिला फारसा फरक पडत नाही. होडी मात्र पावसाळाभर उभी असते, आणि बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतचंच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. पुस्तिकेत एक आणि पंपावर दुसरं, यात होडीवाल्याने काय करायचं हे त्याला कोणीच सांगत नाही.

टाक्या धुतल्या, पाणी वेगळं करणारा फिल्टर बदलला, कडक झालेली रबरी नळी बदलली, आणि मग इंजेक्टर बसवले. ओ-रिंगांना तेलाचं बोट, पंप चालू करून गळती नाही याची खात्री, मगच स्टार्टर. नदीत पूर्ण थ्रॉटलला काटा ५४०० वर गेला आणि तिथेच थांबला. दादा ओरडला, "आता बघ कसा धावता!" मी बघत होतो तो काटा नाही, पुन्हा काढलेला तिसरा प्लग. एका दुपारच्या फेऱ्यांनंतर त्याचा पांढरेपणा उतरायला लागला होता.

ऑफिसात आपण काय करतो? सर्व्हर दमला की रीस्टार्ट करतो आणि तिकीट बंद. साफ केलेले इंजेक्टर त्याच गढूळ टाकीला जोडले असते तर तेही एक बंद केलेलं तिकीटच होतं, दिवाळीच्या गर्दीत पुन्हा उघडणारं.

दादाने आता मेसाठी नेम करून ठेवलाय. शेवटच्या फेऱ्यांना टाकी संपवत आणायची, उरलेलं काढून स्कूटरमध्ये ओतायचं, स्टॅबिलायझर घातलेलं थोडं पेट्रोल इंजिनातून फिरवायचं, वाफेची टाकी तळातून रिकामी करायची आणि मगच ताडपत्री. सगळं मिळून एका संध्याकाळचं काम. पाऊस लवकर येणार अशी बातमी लागली तर ते काम आधी, पर्यटक नंतर.