ए, बी, सी... आणि मानवत

सबमिशनच्या आदल्या रात्री फाईल बाजूला टाकून मी अगाथा ख्रिस्तीची ‘द एबीसी मर्डर्स’ वाचत बसले. १९३६ ची कादंबरी. खुनी गुप्तहेर पॉयरोला आधी पत्र पाठवतो आणि इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने माणसं मारतो. कॉन्व्हेंटमध्ये असल्यापासून मला अशा कोड्यांचं भारी वेड!

सुट्टीत माजलगावला आजीला ही गोष्ट अगदी रंगवून सांगितली. आजी हसली नाही. म्हणाली, “मानवतला झालं की असंच. तवा बाया-पोरी एकट्या शेतात जात नव्हत्या.”

पाथरी ओलांडली की मानवत! दुष्काळाचे दिवस. १९७२ ते ७४ या काळात तिथे लहान मुली आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधनासाठी नरबळी! मुंबईत रमण राघवचा छडा लावणारे रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. खटला चालला, काहींना शिक्षा झाल्या. पण ज्या दोघांना सूत्रधार म्हटलं गेलं, ते वरच्या कोर्टात सुटले. कादंबरीत असं होत नाही. तिथे शेवटच्या पानावर सगळं मिटतं.

मग एक गोष्ट खटकली. मला पॉयरो आठवतो, कुलकर्णी साहेब आठवतात, रमण राघवसुद्धा आठवतो. मेलेल्यांपैकी मात्र एकही नाव आठवत नाही. माझ्यासाठी त्या नुसत्या ए, बी, सी...

आजी अजूनही फोनवर म्हणते, “दिवेलागणीच्या आत होस्टेलात ये गं.” पूर्वी मी चिडायचे. आता नुसतं “हो आजी” म्हणते.