हातघाईत गोळी झाडता येते का?

तर मंडळी, या शनिवारी थोडा वेगळा विषय: मिनिएचर वॉरगेम्स. बोटाच्या दोन पेरांएवढे, स्वतः रंगवलेले सैनिक, इंचाची टेप आणि मूठभर फासे. ("या वयात?" हे आमच्या मातोश्री विचारून बसल्यात, तुम्ही नका विचारू.) ऑनसाइटला इंग्लंडमध्ये असताना मी वॉरहॅमर ४०,००० च्या नादी लागलो. गेम्स वर्कशॉपने १९८७ साली काढलेला हा खेळ तिकडचाच.

दोघं आळीपाळीने खेळतात. आपल्या पाळीत आधी हालचाल, मग गोळीबार, मग धावून जाऊन शत्रूला भिडणं आणि शेवटी हातघाई. आणि दर डावात एकदा तरी कोणीतरी विचारतंच, "हातघाईत गोळी झाडता येते का रे?"

आता हा प्रश्न म्हणजे क्लायंटचा 'सिस्टीम चालत नाहीये' असा मेल. कोणाची गोळी? कोणावर? कुठल्या हत्याराने? भिडलेली तुकडी स्वतः झाडणार, की लांब उभी असलेली तिसरीच तुकडी त्या गर्दीत झाडणार? हे दोन साफ वेगळे नियम आहेत, आणि निम्मी भांडणं ते एकच समजल्यामुळे होतात.

२०२३ च्या दहाव्या आवृत्तीपुरतं सांगतो. शत्रू एक इंचाच्या आत आला (खाली-वर असेल तर पाच इंच) की तुम्ही भिडलात. भिडलेल्या पायदळाच्या रायफली बंद. फक्त पिस्तूल चालतं, तेही जो अंगावर आलाय त्याच्यावरच. रणगाडा किंवा एखादा महाकाय राक्षस मात्र भिडलेला असूनही झाडतो, अगदी लांबच्यावरसुद्धा, पण नेम लागण्याच्या फाशातून एक वजा. आणि ती लांबची तिसरी तुकडी? आपली माणसं शत्रूच्या ज्या पायदळाशी भिडलीत, त्याच्यावर ती झाडू शकत नाही. तिथे शत्रूचा रणगाडा असेल तर झाडू शकते, पुन्हा एक वजा करून. स्फोट होणारी हत्यारं आपली माणसं भिडलेली असतील तिथे कोणीच वापरायची नाहीत.

एवढं स्पष्ट आहे तर भांडण कशाला? व्हर्जनमुळे! नववी आवृत्ती नवीन होती तेव्हाची गोष्ट. आमच्यातल्या एकाच्या रणगाड्याला समोरच्याच्या फुटकळ सैनिकांनी घेरलं. हा म्हणे झाडणार, तो म्हणे नियमात बसत नाही. आणि दोघांनाही नियम अचूक पाठ होता. एकाच्या डोक्यात २०१७ ची आठवी आवृत्ती, जिथे भिडलेला रणगाडा मुका व्हायचा. दुसऱ्याने २०२० ची नववी वाचलेली, जिथे त्याला झाडायची मुभा मिळाली. तो रणगाडा रंगवण्यात बिचाऱ्याचा अख्खा पावसाळा गेला होता. त्या रात्री त्याने सामान आवरलं, आणि नंतर कितीतरी शनिवार आलाच नाही. फोन केला की "डेडलाइन आहे रे".

मुळात भिडलेल्यांवर झाडायचं नाही, यामागचं कारण कोणालाही सुचेल: आपलीच माणसं मरतील. पण टेबलावर परिणाम भलताच होतो. हातघाई ढाल बनते. जुन्या आवृत्त्यांमध्ये भिडलेल्या तुकडीवर कोणीच झाडू शकत नसे. त्यामुळे मुरलेले खेळाडू आपल्या पाळीत भिडायचे आणि शत्रू याच पाळीत पूर्ण संपू नये अशी प्रार्थना करायचे! संपला तर पुढच्या पाळीत तुम्ही मोकळ्या मैदानात आणि समोर सगळ्या बंदुका तयार. आठव्या आवृत्तीत भिडलेल्या तुकडीला आपल्या पाळीत सरळ मागे हटता येऊ लागलं. ती स्वतः सहसा त्या पाळीत झाडू शकत नाही, पण तिच्या मागचे मोकळे होतात. झालं, लोकांनी यावरही तोड काढली. शत्रूच्या एका सैनिकाला तीन बाजूंनी असं कोंडायचं की निघायला वाटच नको, म्हणजे तेव्हा अख्खी तुकडी अडकायची. पॅच आला की त्यातून पळवाट शोधणारा युजर असतोच.

माझा सगळ्यात आवडता नियम मात्र दुसऱ्याच खेळातला. २००१ मध्ये याच कंपनीने लॉर्ड ऑफ द रिंग्जवर एक खेळ आणला. त्यात सज्जनांच्या बाजूला हातघाईत बाण सोडायला मनाई आहे, न जाणो आपलाच माणूस मरायचा. दुर्जनांना परवानगी! बाण शत्रूला लागला की आपल्याच भावाला, ते फासा ठरवतो. एका नियमात ऑर्क लोकांचा अख्खा स्वभाव आला. ४०,००० मध्ये हे चालणार नाही, कारण तिथे सगळेच ऑर्क.

असो. हल्ली आमच्याकडे डाव मांडण्याआधी आवृत्ती कुठली ते बोलून घेतात, आणि चढाई झाली की कोण कोणाशी भिडलंय हे टेप लावून मोठ्याने सांगतात. रणगाडेवाल्याला परवा मेल टाकलाय, येत्या शनिवारी ये म्हणून. अजून उत्तर नाही.