चढ कोणाला दिसतो?

काही यंत्रे माणसाच्या एका हाताला राबवतात आणि दुसऱ्याला नुसते आधाराला ठेवतात; काही मात्र दोन्ही हातांना सारखेच कामाला लावतात. कोकणच्या रस्त्यांवरून दिवसभर धावणारी तीनचाकी रिक्षा या दुसऱ्या जातीची आहे. तिला मोटारीसारखे वाटोळे चाक हाती धरायला नसते. मोटारसायकलीसारखी आडवी दांडी असते, आणि त्या दांडीच्या दोन मुठी चालकाच्या दोन हातांत असतात. उजव्या मुठीला पीळ दिला की इंजिनाचा वेग वाढतो. डाव्या मुठीपाशी क्लचचा खटका असतो. तो दाबून मूठ फिरवली की गिअर बदलतो. उजव्या पायाखाली ब्रेक असतो. पुढे जाण्याचे चार गिअर आणि मागे येण्याचा एक, अशी तिची रूढ मांडणी आहे.

रिक्षाचे हे रूप स्कूटरकडून आले. इटलीतील पियाज्जो कंपनीने १९४६ साली 'व्हेस्पा' ही स्कूटर काढली. तिचे रचनाकार कोराडिनो द'अस्कानियो हे मूळचे विमानविद्येतले. दोनच वर्षांनी, १९४८ साली, त्याच घराण्यातली तीन चाकांची 'आपे' जन्मास आली. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. पहिली मिरवणारी, तर दुसरी ओझी वाहणारी. नावे मोठी समर्पक आहेत! पुढे बजाज ऑटो कंपनीने पियाज्जोच्या सहकार्याने १९६०च्या दशकात भारतात स्कूटर आणि रिक्षा तयार केल्या, आणि ही कष्टाळू मधमाशी गावोगावी ओळखीची झाली.

मालवणच्या परिसरात या मधमाशीची खरी कसोटी लागते. येथे सपाटी थोडी आणि चढउतार फार. बंदराकडून निघून कुडाळच्या किंवा कणकवलीच्या वाटेला लागलेला रस्ता जांभ्या दगडाच्या सड्यावर चढतो, पुन्हा ओहोळाच्या काठी उतरतो, आणि नारळीपोफळींच्या सावलीत क्षणभर विसावून पुन्हा चढणीला लागतो. गाडीत माणसे असतात, मागे नारळांचे पोते असते, एखादी मासळीची पाटीही असते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तांबडी माती रस्त्यावर वाहून येते आणि चाके निसटू पाहतात. अशा वेळी इंजिनात किती बळ आहे यापेक्षा ते बळ कसे वापरले जाते, याला अधिक महत्त्व येते.

गिअरचे काम ते हेच. डोक्यावर ओझे घेतलेला माणूस पाखाडी चढू लागला म्हणजे आपोआप लहान पावले टाकतो. वेग कमी होतो. पण ओझे पेलवते. पहिला गिअर म्हणजे यंत्राची लहान पावले. त्यात इंजिनाच्या पुष्कळ फेऱ्या होतात तेव्हा कोठे चाकाची एक फेरी होते. त्यामुळे गाडी सावकाश चालते, परंतु जोर मोठा लावते. सपाटी आली की वरचा गिअर घालावा. मग तीच गाडी लांब ढांगा टाकू लागते. गिअर बदलताना इंजिन आणि चाक यांचे नाते क्षणभर तोडावे लागते. ते तोडण्याचे आणि हळुवारपणे पुन्हा जोडण्याचे काम क्लच करतो. त्याच्या चकत्या एकमेकींना दाबून बसलेल्या असतात. खटका दाबला की त्या सुट्या होतात, सोडला की पुन्हा एक होतात.

चढणीवर थांबलेली रिक्षा पुन्हा हलवणे, ही शिकाऊ चालकाची मोठी परीक्षा होय. खटका एकदम सोडला तर इंजिन बंद पडते. फार वेळ अर्धवट धरून ठेवला तर चकत्या तापून झिजतात. आणि दोहोंचा मेळ चुकला तर गाडी मागे घसरते. अनुभवी चालकाचे डावे मनगट हा मेळ न बोलता साधते. दिवसातून शेकडो वेळा साधते. त्याचे कौतुक कोणी करीत नाही. कारण जे बिनचूक होते ते सहसा दिसत नाही.

परंतु हेच मनगट एके दिवशी ऐकेनासे झाले तर? पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून घसरून डाव्या हाताचे हाड मोडावे, ते सांधले जावे, पण खटका दाबण्याचे बळ परतून येऊ नये, असे एखाद्या रिक्षावाल्याच्या वाट्याला येऊ शकते. मग गाडी विकायची की बदलायची, हा प्रश्न साऱ्या घराचा होतो. ओसरीवर बसलेल्या काकांना पुतण्या मोठ्या कळवळ्याने म्हणतो, "काकानू, तुमचो हात दुखता. मगे गिअर कित्याक होयो? बिनगिअराची गाडी घेवया."

काका थोडा वेळ गप्प राहतात आणि म्हणतात, "हात दुखता रे झिला. पण फुडलो चढ माका दिसता. गाडयेक खंय दिसता?"

या उत्तरात हट्ट आहे, तसे ज्ञानही आहे. वेग आणि भार पाहून आपोआप गिअर बदलणारे यंत्र सामान्यतः चाके चढणीला लागल्यावर जागे होते. चालकाला मात्र वळणापलीकडची चढण आठवत असते. तो चार हात आधीच खालचा गिअर घालून ठेवतो. तथापि पुतण्याचेही म्हणणे खोटे नाही. डोळ्याने कितीही चढ दिसला तरी दुखरे मनगट त्यामुळे बरे होत नाही.

जगात यंत्रे घडवणाऱ्यांनी या पेचातून एक मधला मार्ग काढला आहे. त्याला अर्धस्वयंचलित गिअर म्हणतात. त्यात क्लच यंत्राच्या स्वाधीन असतो आणि कोणता गिअर घालावा हे चालक ठरवतो. जपानच्या होंडा कंपनीने १९५८ साली काढलेली 'सुपर कब' ही दुचाकी याचे नामांकित उदाहरण आहे. एका हातावर सोबा शेवयांचे तबक सावरीत घरोघर जाणाऱ्या मुलालाही ती चालवता यावी, असा तिच्या रचनेमागचा एक विचार होता. म्हणून तिच्या दांडीवर क्लचचा खटकाच ठेवला नाही. गिअर पायाने बदलावयाचा. २०१७ सालापर्यंत या मालिकेतील दहा कोटी गाड्या तयार झाल्या.

हा आपोआप चालणारा क्लच समजण्यास आंगणेवाडीच्या जत्रेतला फिरता पाळणा आठवावा. पाळणा सावकाश फिरत असतो तोवर साखळ्यांना टांगलेल्या बैठका सरळ खाली लोंबतात. वेग वाढला की त्या बाहेर फेकल्या जातात. क्लचमधली लहान वजनेही इंजिनाचा वेग वाढताच अशीच बाहेर सरकतात, भोवतालच्या वाटोळ्या पिंपाला घट्ट दाबून धरतात, आणि चाक फिरू लागते. वेग मंदावला की ती आत मिटतात आणि नाते आपोआप सुटते.

तीन चाकांच्या मोटारसायकलीतही हा मार्ग आला आहे. कॅनडातील बीआरपी कंपनीने २००७ साली 'कॅन-ॲम स्पायडर' नावाची गाडी जगापुढे आणली. रिक्षाला पुढे एक चाक आणि मागे दोन. हिला नेमके उलट, पुढे दोन आणि मागे एक. तिच्यात हाताने क्लच दाबण्याचा आणि अर्धस्वयंचलित, असे दोन्ही प्रकार निघाले. दुसऱ्या प्रकारात डाव्या अंगठ्याने कळ ढकलली की वरचा गिअर पडतो. वेग कमी झाला आणि चालक विसरला तर खालचा गिअर यंत्र स्वतःच घालते. मनगटाचे बळ अंगठ्यावर निभावते!

मात्र या सोयीलाही किंमत आहे. हातक्लचची रिक्षा चढणीवर इंजिन बंद करून गिअरात उभी केली, तर ते इंजिनच तिला धरून ठेवण्यास हातभार लावते. पाळण्यासारख्या क्लचच्या गाडीत इंजिन थांबले की वजने मिटतात आणि गाडी मोकळी होते. तिला ब्रेकनेच बांधून ठेवावे लागते. उतारावर वेग अगदी कमी झाला तरी इंजिनाचा आवर असाच सुटू शकतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ती गाडी सोपी वाटेल, पण सुरक्षित ठरणार नाही.

रिक्षाच्या धंद्यात हा मधला मार्ग अजून रुळलेला नाही. पेट्रोलवर किंवा सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा सामान्यतः हातगिअरच्याच असतात. विजेवरच्या रिक्षा आल्या आहेत. पण त्यांपैकी बहुतेकींत गिअर बदलावा लागतच नाही, कारण विजेची मोटर स्थिर अवस्थेतूनच पुरेसा जोर देते. बजाजच्या काही विजेवरच्या तीनचाकींत दोन गिअर आहेत, आणि ते यंत्र आपले आपण बदलते. म्हणजे काकांपुढची निवड अशी उरते: हाताला झेपत नाही ती ओळखीची गाडी, किंवा हाताला झेपते ती अनोळखी गाडी.

अशी निवड मालवणच्या किनाऱ्याला नवीन नाही. होड्यांवर इंजिने आली तेव्हा वल्ही मारणाऱ्या दंडांना विसावा मिळाला. परंतु मालवणच्या बंदरात पाण्याखाली खडक दडलेले आहेत. कोणत्या भरतीला कोणती वाट धरावी, लाट फुटते आहे तेथे खाली काय असेल, हे इंजिन सांगू शकले नाही. ते तांडेलाच्याच डोळ्यांनी सांगितले. वल्हे सुटले म्हणून तांडेलपण सुटले नाही.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. गाडीला चढ दिसत नाही, हे खरे. म्हणून तर चालक लागतो. विजेची रिक्षा घेतली तरी परतीच्या चढणीला वीज पुरेल काय, ओल्या उतारावर ब्रेक कोठे लावावा, भरलेली गाडी कोणत्या वळणाला हळू घ्यावी, हे त्यांनाच ठरवावे लागेल. मनगटाचे काम यंत्राला दिल्याने त्यांचे चालकपण उणे होणार नाही. उलट घरी बसून राहिले तर पंचवीस-तीस वर्षे रस्ते पाहिलेले डोळे वाया जातील.

बळ उसने घेण्यात कमीपणा नाही. काठी, तरफ, शीड, इंजिन, सारी उसन्या बळाचीच रूपे आहेत. उसने घेता येत नाही ती जाण. निवड करणाऱ्याने म्हणून एवढेच पाहावे, की जे सोडून द्यायचे ते ओझे आहे की नजर. ओझे खुशाल यंत्राच्या खांद्यावर द्यावे. नजर मात्र आपल्यापाशीच ठेवावी.