भूल कोणाला?

मराठीतला 'भूल' हा शब्द मोठा गमतीचा आहे. भूल पडते, भूल घालतात आणि डॉक्टर तर चक्क भूल 'देतात'! पण देतात ती नेमकी कोणाला? मे महिन्यात निफाडकडे आमच्या शेतात बांधावरचा दगड उचलताना आईला विंचू चावला, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी बोटाशी लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले. घटकाभरापूर्वी विव्हळणारी आई काही मिनिटांत विचारू लागली, "गाईची धार काढली का रे?" भूल तिला नव्हतीच, होती ती बोटाला.

कला शाखेचा असूनही मी मग शरीरशास्त्राची पुस्तके चाळली. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमच्या आयनांसाठी अतिसूक्ष्म दारे असतात. एरवी ती मिटलेली. संवेदना येताच ती सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागापुरती उघडतात, सोडियम आत शिरतो आणि पुढच्या दाराला जाग येते. दारोदार पुकारल्या जाणाऱ्या दवंडीसारखी वेदना अशी मेंदूपर्यंत पोचते. माकुळाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली आयनांच्या या ये-जा करण्याचे गणित मांडले.

१९४३ साली स्वीडनमध्ये लॉफग्रेन यांनी तयार केलेले लिग्नोकेन या दाराशी बाहेरून भांडत नाही. विद्युतभार नसलेल्या रूपात ते आवरणातून आत झिरपते, तिथे भारित होते आणि आतल्या बाजूने दाराला अडसर घालते. ज्या दारांची उघडझाप अधिक, तिथे ते अधिक घट्ट बसते. सुजलेल्या, पू झालेल्या हिरडीत आम्लता वाढते आणि त्याचे भारहीन रूप कमी उरते. म्हणून तिथे भूल नीट चढत नाही.

विंचवाचे विष नेमके उलटे वागते. ते याच दारांना धड मिटू देत नाही. दवंडी थांबतच नाही. आणि ते बोटापाशी थांबतही नाही, हृदयापर्यंत जाते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावताना पाहिली. भरपूर घाम, उलट्या, थंडगार हातपाय ही धोक्याची लक्षणे त्यांनी जगापुढे मांडली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिनचा उपयोग १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. या उपचाराने मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले.

म्हणूनच, दुखणे थांबल्यावरही आमच्या डॉक्टरांनी आईला घरी सोडले नाही. रात्रभर तिची नाडी आणि रक्तदाब ते पाहत राहिले. बोट गप्प झाले होते, विष नव्हे.

एकनाथांनी भारुडात विंचवाला कामक्रोधाचे रूप दिले. त्या विंचवावर आपणही करमणुकीचे, कामाचे, हसण्याचे लिग्नोकेन टोचून घेतोच. त्यात काही वावगे नाही. वेदनेने तडफडत राहण्यात कसला पुरुषार्थ? फक्त दवंडी थांबली म्हणजे संकट टळले असे समजू नये. भूल दाराला द्यावी, राखणदाराला नव्हे.