कर्ता आणि कारागीर

गायक-गीतकार लिओनार्ड कोहेन यांचा ‘यू वॉन्ट इट डार्कर’ हा अल्बम २१ ऑक्टोबर २०१६ रोजी आला आणि ७ नोव्हेंबरला ८२ वर्षांचे कोहेन गेले. म्हणून सगळे तो निरोप म्हणून ऐकतात. मला त्यात निरोपापेक्षा कष्ट जास्त ऐकू येतात.

मणक्यांच्या दुखण्याने त्यांचं घराबाहेर पडणं जवळजवळ थांबलं होतं. तेव्हा मुलगा अ‍ॅडमने लॉस एंजेलिसच्या घरातच ध्वनिमुद्रण मांडलं: बसायला खास खुर्ची, जेवणाच्या टेबलावर मायक्रोफोन, शेजारी लॅपटॉप. शीर्षकगीतामागे मॉन्ट्रियलच्या शार हशोमायिम सिनेगॉगचे गायक आहेत. कोहेन घराण्याच्या पिढ्या याच सिनेगॉगच्या. लहानपणी ऐकलेल्या त्या स्वरांच्या साथीने हा माणूस देवाला जाब विचारतो आणि त्याच श्वासात त्याच्यापुढे हजेरीही लावतो. विठ्ठलाशी भांडणारे अभंग ऐकत वाढलेल्या कानांना हे मुळीच परकं नाही.

या गाण्यांपाशी मला नेहमी मुंबई आठवते. १९९९मध्ये, माउंट बाल्डीच्या झेन मठातली वर्षं मागे टाकून, जन्माची सोबत केलेलं नैराश्य घेऊन कोहेन इथे आले. केम्प्स कॉर्नरजवळ साध्या हॉटेलात राहायचे आणि सकाळी रमेश बाळसेकरांच्या घरी जाऊन बसायचे. बाळसेकर बँक ऑफ इंडियातून निवृत्त झालेले. खेतवाडीत अद्वैताचे गुरू निसर्गदत्त महाराज मराठीत बोलत, ते ऐकायला येणाऱ्या परदेशी लोकांना इंग्रजीत सांगणारे. बाळसेकरांच्या शिकवणुकीचा गाभा एकच: घडतं ते घडतं, कर्ता कोणी नाही. त्याच सुमारास नैराश्य हळूहळू ओसरलं, असं कोहेन पुढे सांगत.

कर्तेपण सोडा, हे इतकं मनापासून ऐकलेला माणूस कामात मात्र तसूभरही सैल झाला नाही. एकेका गाण्यावर वर्षानुवर्षं घालवायची, कडवी लिहून टाकून द्यायची, ही त्यांची जुनी सवय. वेदनेतही ती सुटली नाही. आवाज इतका खाली उतरला होता की गाणं आणि बोलणं यांत फरक उरला नव्हता. पण प्रत्येक शब्द तोलून ठेवलेला. मला यात विसंगती दिसत नाही. फळाचा, नावाचा भार उतरला की हात कामाला अधिक मोकळे होत असावेत.

मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांतून अ‍ॅडमने २०१९मध्ये ‘थँक्स फॉर द डान्स’ घडवला. तो प्रेमाने केला आहे आणि मी तो आवडीने ऐकतो. तरी कोहेन यांचा शेवटचा अल्बम मी २०१६चाच मानतो, कारण यातला प्रत्येक शब्द ‘आता राहू दे’ म्हणून त्यांनी स्वतः हातावेगळा केला आहे.